ओबडधोबड भयखेळांची बाजू

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत व्हिडिओ गेमवर आलेला लेख वाचला. लेख एकंदर चांगला आहे, पण त्यातल्या एका परिच्छेदात जुन्या धाटणीच्या, कमी खर्चाच्या सर्व्हायव्हल हॉरर गेमचा (म्हणजे तुटपुंज्या साधनांनिशी जीव वाचवत पुढे जायच्या भयखेळांचा) चार ओळींत निकाल लावून टाकला आहे. लेखकाच्या मते हे गेम चालतात त्याला दोनच कारणं: करणाऱ्यांच्या खिशात पैसा नाही आणि खेळणाऱ्यांना आपलं लहानपण आठवतं. मला दोन्ही पटली नाहीत. मी गेली बरीच वर्षं नाटकांची प्रकाशयोजना करते आणि रात्री प्रयोग आटोपून घरी आले की हे गेम खेळते. काय दाखवायचं आणि काय अंधारात ठेवायचं हे ठरवणं हेच माझं काम. त्या कामाच्या डोळ्यांनी या गेममध्ये जे दिसतं ते आपल्या वाचकांपुढे मांडावंसं वाटलं, म्हणून हे लांबलचक पत्र.

लहानपणाचा मुद्दा आधी घेते. माझ्या लहानपणी आमच्याकडे प्लेस्टेशन नव्हतं आणि ज्यांच्याकडे होतं त्यांच्या घरी मी कधी खेळायला बसले नाही. या जातीचा पहिला गेम मी खेळले तो 'सिग्नॅलिस', २०२२ साली आलेला. भाच्याने लावून दिला. "मावशी, गोष्ट राहू दे, तू फक्त यातले लाइट बघ," म्हणाला. भाचा २००४ सालचा. तो जन्मला तेव्हा प्लेस्टेशन २ येऊनसुद्धा चार वर्षं झाली होती. ज्या पहिल्या प्लेस्टेशनची त्याला आठवणच असणं शक्य नाही, त्या यंत्राच्या थरथरत्या, खरबरीत चित्राचं त्याला आणि त्याच्या मित्रांना वेड आहे. आठवण हे कारण म्हणून पुढे करायचं तर ही मुलं कुठे बसवायची? मी स्वतः मूळचे गेम नंतर उलट्या क्रमाने शोधून खेळले. नव्यातून जुन्याकडे गेले. तेव्हा लक्षात आलं की भीती उभी करायची एक पद्धत तिथे घडली होती आणि आजची मंडळी ती पद्धत पुढे नेत आहेत.

ती घडली कशी, हे थोडं सांगायला हवं.

१९९२ मध्ये इन्फोग्राम्स या फ्रेंच कंपनीने 'अलोन इन द डार्क' काढला. त्याचा कर्ता फ्रेडरिक रेनाल. त्या वेळच्या संगणकाला तपशिलांनी भरलेली खोली क्षणोक्षणी त्रिमितीत काढणं जमण्यासारखं नव्हतं. म्हणून खोल्या म्हणजे आधीच रंगवून ठेवलेली स्थिर चित्रं, आणि हलणारी पात्रं तेवढी मोजक्या बहुकोनांची, म्हणजे सपाट तुकडे जोडून उभी केलेली. गेम सुरू होतो एका जुन्या वाड्याच्या माळ्यावर. थोड्याच वेळात खिडकीतून काहीतरी आत येतं, आणि त्यानंतर जमिनीतल्या झडपेतून. शहाणा खेळाडू त्याआधी कपाट ढकलून खिडकी अडवतो आणि पेटी ओढून झडपेवर ठेवतो. लढण्याआधी जड सामान सरकवायला लावणारा गेम! मला हा प्रसंग फार आवडतो. जीव वाचवणं म्हणजे शौर्य गाजवणं नाही, हे तिथे एका कपाटात सांगून झालं आहे.

मग १९९६ मध्ये कॅपकॉमचा 'रेसिडेंट इव्हिल' आला. दिग्दर्शक शिंजी मिकामी. जपानात त्याचं नाव 'बायोहझार्ड'. सर्व्हायव्हल हॉरर हे शब्द रूढ झाले ते याच गेमपासून. ज्या प्लेस्टेशनवर तो चालला त्याची मुख्य मेमरी होती २ मेगाबाइट, चित्रासाठी वेगळी १ मेगाबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा याहून मोठा भरतो. एवढ्याशा जागेत सजलेला वाडा बसवायचा तर पुन्हा तीच युक्ती: पार्श्वभूमी आधी तयार करून ठेवायची आणि कॅमेरा खोलीच्या एका कोपऱ्यात कायमचा टांगायचा.

या टांगलेल्या कॅमेऱ्याने काय केलं ते बघा. दार उघडून तुम्ही आत येता आणि स्वतःलाच दुरून, छताजवळून पाहता. वळणापलीकडून कुणीतरी पाय घासत येत असल्याचा आवाज येतो. तुमच्या पात्राचं तोंड त्याच दिशेला आहे, म्हणजे त्याला ते दिसत असणार. तुम्हाला दिसत नाही. पुढे पाऊल टाकल्याशिवाय कॅमेरा बदलणार नाही, आणि पाऊल टाकलं की तुम्ही त्याच्या पुढ्यात. आपण ज्याच्या जिवाची काळजी वाहतो आहोत त्याला आपल्यापेक्षा जास्त दिसतं, ही अस्वस्थता मला दुसऱ्या कुठल्या कलाप्रकारात इतक्या नेमकेपणाने भेटलेली नाही.

त्याच गेममध्ये एका खोलीतून दुसरीत जाताना काळ्या पडद्यावर नुसतं दार सावकाश उघडताना दिसतं. सीडीवरून पुढची खोली वाचून घ्यायला वेळ लागे, तो झाकायला केलेली ही सोय. पण खेळताना ते काही सेकंद पलीकडे काय असेल याचाच विचार चालतो. यंत्र वाचत असतं आणि माणूस घाबरत असतो.

धुक्याची गोष्ट तर त्याहून बोलकी आहे. १९९९ चा 'सायलेंट हिल', कोनामीचा, दिग्दर्शक केइचिरो तोयामा. यात खोल्यांऐवजी अख्खं गाव उभं करायचं होतं आणि तेही आधी काढलेल्या चित्रांशिवाय. प्लेस्टेशनला लांबचं काढणं झेपत नव्हतं. मग गाव धुक्यात बुडवलं. आत गेलं की मिट्ट काळोख आणि एक टॉर्च. आणि एक छोटा रेडिओ, जो जवळ काही वावरत असलं की खरखरायला लागतो. म्हणजे डोळ्यांकडून काढून घेतलेली खबर कानांकडे दिली, आणि तीही अर्धवट. काहीतरी आहे एवढं कळतं. कुठे आहे, केवढं आहे, ते कळत नाही.

आता कुणी म्हणेल, ही सगळी नाइलाजाची कामं, यंत्र सुधारलं की गरज संपली. तसं झालं नाही. दुसरा 'सायलेंट हिल' २००१ मध्ये कितीतरी ताकदवान प्लेस्टेशन २ वर आला, तरी गाव धुक्यातच राहिलं. २०१२ मध्ये जुन्या गेमची 'एचडी' आवृत्ती निघाली. तिच्यात धुकं विरळ झालं आणि जगाच्या न रंगवलेल्या कडा उघड्या पडल्या. खेळणाऱ्यांनी त्याबद्दल भरपूर आरडाओरडा केला. २०२४ मध्ये ब्लूबर टीम या पोलंडच्या कंपनीने दुसरा भाग आजच्या तंत्राने संपूर्ण नव्याने बनवला. आजच्या यंत्राला कोसभर लांबचं पान न् पान काढता येतं. त्यांनीही धुकं ठेवलं. पंचवीस वर्षांत यंत्रं कुठल्या कुठे गेली, पण धुक्याला पर्याय सापडला नाही, कारण धुकं तांत्रिक गरजेतून आलं असलं तरी त्याने तेवढ्यात गोष्टीत आपली जागा करून घेतली होती.

माझ्या कामातलं उदाहरण देते. एका नाटकात दिग्दर्शकाला खुनाचा प्रसंग लाल प्रकाशात न्हाऊन काढायचा होता. चार फ्लड (पसरट झोताचे दिवे), लाल जिलेटिन (दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद), सगळं तयार. तालमीत ते लावून पाहिलं तेव्हा रंगमंचावरचा मनुष्य, सुरा, गालिचा, सगळं नीट दिसत होतं आणि कुणालाच काही वाटत नव्हतं. मग बाकी सगळे डिमर खाली आणले आणि विंगेतल्या दारामागे जमिनीलगत एकच दिवा ठेवला. दार किलकिलं. प्रेक्षकांना दिसत होती ती फक्त फटीतून येणारी प्रकाशाची पट्टी आणि तिच्यात अधूनमधून हलणारी दोन पायांची सावली. त्या प्रयोगाला प्रेक्षागृहातली खोकल्याची उबळसुद्धा थांबली. दिव्यांची संख्या कमी केली म्हणून परिणाम वाढला असा सरळ हिशेब मी मांडत नाही. तो एक दिवा कुठे ठेवायचा हे सापडायला पूर्ण दुपार गेली होती. 'पैसे नाहीत म्हणून असं केलं' असं कुणी म्हणालं तर त्या दुपारची काही किंमतच राहत नाही.

लेखकाने या गेमच्या चित्राला ओबडधोबड म्हटलं आहे. शब्दाला माझी हरकत नाही. पण ते ओबडधोबडपण आज कसं आणलं जातं हे त्यांनी पाहायला हवं होतं. मूळ प्लेस्टेशनला आकृतीचे कोपरे बारीक अपूर्णांकात मांडता येत नसत. प्रत्येक कोपरा पडद्यावरच्या जवळच्या पूर्ण बिंदूवर जाऊन बसे, म्हणून तुम्ही हळू चालू लागलात की भिंतींच्या कडा थरथरत. पृष्ठभागावर चढवलेलं चित्र तिरकं पाहिलं की लांबच्या-जवळच्या अंतराचा हिशेब यंत्र करत नसे, म्हणून फरशीच्या रेषा वाकत, वाहत. रंग कमी होते, म्हणून छटांच्या जागी ठिपके. आजच्या संगणकावर यातलं काहीच आपोआप होत नाही. कोपरे नीटच बसतात, फरशी सरळच राहते. ही थरथर हवी असेल तर ती वेगळी लिहावी लागते आणि किती हवी ते ठरवावं लागतं. मी जे चांगले गेम पाहिले त्यांत हे प्रमाण इतक्या काळजीने राखलेलं आहे की मला ते माझ्या क्यू-शीटइतकंच (कुठला दिवा केव्हा आणि किती लावायचा याच्या यादीइतकंच) ओळखीचं वाटलं.

आणि ही थरथर काम करते. रंगमंचावर भिंत हलली की प्रेक्षक हसतो, कारण ती कापडाची आहे हे त्याला कळून चुकतं. इथे भिंत हलते आणि पोटात गोळा येतो. जी वस्तू निश्चल असायला हवी ती निश्चल नाही, आणि पात्राला त्याचं काही वाटत नाही. चेहऱ्यांचंही तेच. डोळे म्हणजे चार ठिपके, तोंड म्हणजे एक रेघ. अशा चेहऱ्याने तुमच्याकडे वळून पाहिलं की तो रागावलाय, रडतोय की मेलाय हे तुम्हालाच ठरवावं लागतं. मन नेहमी वाईटातलं वाईट ठरवतं. बारीक सुरकुती न् सुरकुती दाखवणाऱ्या महागड्या गेममध्ये हे ठरवण्याचं काम शिल्लकच राहत नाही.

चित्राबद्दल एवढं पुरे. या गेमचा खरा जीव टंचाईत आहे, आणि त्या लेखात तिचा उल्लेखही नाही.

पहिल्या 'रेसिडेंट इव्हिल'मध्ये ख्रिस हे पात्र निवडलं तर जवळ सहाच वस्तू ठेवता येतात, जिल निवडली तर आठ. गेम सेव्ह करायला टाइपरायटर शोधायचा, आणि त्यात घालायच्या रिबनही मोजक्या. म्हणजे आत्ता सेव्ह करू की पुढे जाऊ, हाच एक जीवघेणा प्रश्न. 'सिग्नॅलिस'ने ही सहा कप्प्यांची शिस्त उचलली. तो गेम जर्मनीतल्या रोझ-एंजिन या चमूचा, मुख्यतः दोघांनी मिळून केलेला. एल्स्टर नावाची मानवी रूपातली यंत्रस्त्री एका थंडगार ग्रहावरच्या खाणीत आपल्या हरवलेल्या साथीदाराला शोधते आहे. वरून पाहणारा कॅमेरा, काळा, राखाडी आणि मध्येच पेटणारा लाल. भाचा म्हणाला होता ते खरं: लाइट बघण्यासारखे आहेत.

त्यातला एक नेहमीचा प्रसंग सांगते. मी सेव्ह रूममध्ये उभी. इथे कुणी येत नाही, म्हणून इथलं संगीत सोडून बाहेर पाऊल टाकवत नाही. समोर वस्तू ठेवायची पेटी. कप्पे सहा. पिस्तूल घेतलं. त्याच्या गोळ्यांना वेगळा कप्पा. जखम भरायचा स्प्रे. एक किल्ली, कारण तिचं कुलूप त्याच बाजूला आहे. राहिले दोन. बाहेरच्या बोळात मघाशी पाडलेला एक शत्रू पडलेला आहे. तो कायमचा मेलेला नाही. या गेममध्ये पडलेले काही वेळाने उठतात, थर्माइटने जाळले तरच उठत नाहीत. थर्माइट फ्लेअर घेतली तर एकच कप्पा उरतो, आणि पलीकडच्या खोल्यांत कोड्यासाठी उचलायच्या वस्तू किती असतील ते माहीत नाही. दोन निघाल्या तर एक तिथेच सोडून परत यावं लागेल, त्याच बोळातून. फ्लेअर इथेच ठेवली तर जाताना तो निपचित असेल, येताना कदाचित उभा. मी पेटी उघडते, मिटते, पुन्हा उघडते. पडद्यावर एकही भूत नाही, रक्त नाही, किंकाळी नाही. एका यादीकडे बघत बसले आहे आणि तळहाताला घाम सुटला आहे.

हा घाम महागड्या चित्रांनी येत नाही. तो येतो आपण केलेल्या निवडीचा जाब पुढच्या वळणावर आपल्यालाच द्यावा लागणार आहे म्हणून. २००५ च्या चौथ्या 'रेसिडेंट इव्हिल'ने कॅमेरा पात्राच्या खांद्यामागे आणला, गोळ्यांचा हात सैल केला, आणि मोठ्या कंपन्यांचे भयखेळ त्या वाटेने बराच काळ मारधाडीकडे वाहत गेले. तो गेम उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण भरल्या बंदुकीने भीती पातळ होते. ती पुन्हा दाट करण्याचं काम पुढे बऱ्याच अंशी लहान चमूंनी केलं, कारण मोठ्या खर्चाच्या गेमला एवढी अडवणूक परवडत नाही. शंभर जणांचे पगार निघायचे असतील तर खेळाडू वैतागून उठून जाणार नाही याची तजवीज करावीच लागते.

टंचाईचं टोक बघायचं तर 'आयर्न लंग'. २०२२ चा, डेव्हिड झिमान्स्की यांचा. तुम्ही कैदी आहात. एका चंद्रावर रक्ताचा समुद्र आहे आणि त्याच्या तळाशी तुम्हाला एका गंजक्या पाणबुडीत बंद करून सोडलं आहे. पाणबुडीची पुढची खिडकी झाकून टाकलेली. संपूर्ण गेम त्या एका कोठडीत घडतो. हातात काय आहे? एक नकाशा, ज्यावर तळाचे कडे आणि फोटो काढायच्या जागा आकड्यांनी दाखवल्या आहेत. पुढे-मागे जायची आणि वळायची बटणं. स्थान आणि दिशा सांगणारे आकडे. कडा जवळ आला की बोंबलणारा एक इशारा. आणि मागच्या भिंतीवर कॅमेऱ्याचं बटण. ते दाबलं की बाहेरचा एक स्थिर, दाणेदार, काळा-पांढरा फोटो येतो.

बाहेरचं जग कळण्याचा तेवढाच मार्ग. आकडे जुळवत जायचं, थांबायचं, उठून मागे जायचं, बटण दाबायचं, थांबायचं. फोटोत खडक. पुढच्या फोटोत खडक. मग एका फोटोत खडकासारखं दिसणारं असं काही, जे खडक नसावं. पुन्हा बटण दाबावं की निघावं? पुन्हा दाबलं तर ते जास्त जवळ दिसेल किंवा दिसणारच नाही, आणि यातलं वाईट काय ते ठरवता येत नाही. तासाभरात गेम संपतो. यात करणाऱ्याने काढलेलं फारच थोडं आहे: एक कोठडी, काही फोटो आणि आवाज, पत्रा कण्हल्याचे, दूरवर काहीतरी सरकल्याचे. बाकीचा समुद्र खेळणाऱ्याने आपला आपण भरायचा. अब्जावधी खर्चून हाच समुद्र डोळ्यांपुढे उभा करता आला असता आणि पाणबुडीची खिडकी उघडता क्षणी तो संपला असता.

लहान बजेटचा आणखी एक परिणाम असतो, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. गेम एकादोघांच्या हातून उतरतो, म्हणून त्यात त्या माणसाचा हात दिसतो. 'वर्ल्ड ऑफ हॉरर' पोलंडमधल्या एका दंतवैद्याने एमएस पेंटमध्ये चितारला आहे. ज्या साध्या प्रोग्रॅमवर शाळकरी मुलं घरं-झाडं काढतात त्यातच, दोन रंगांत. 'फेथ' या एअरडॉर्फच्या गेममध्ये काळ्या पडद्यावर मोठ्या ठिपक्यांचा एक पाद्री क्रूस धरून चालतो, इतका साधा की १९८० च्या आसपासचा वाटावा. आणि मध्येच अचानक खऱ्या माणसांच्या हालचालींवरून रेखाटलेलं, अंगावर येईल इतकं लवचीक चलचित्र सुरू होतं. त्यातली पात्रं बोलतात ती जुन्या संगणकाच्या यांत्रिक आवाजात. आवाज देणारे नट घ्यायला पैसे नव्हते की काय, हा प्रश्न तो आवाज ऐकल्यावर मनात येतच नाही. त्या जागी माणसाचा आवाज चाललाच नसता.

'माउथवॉशिंग' (२०२४) हा स्वीडनमधल्या राँग ऑर्गन या चमूचा गेम काटेकोर अर्थाने सर्व्हायव्हल हॉरर नाही. गोळ्या मोजाव्या लागत नाहीत, कप्पे भरावे लागत नाहीत. एका मालवाहू अंतराळयानात अडकलेले पाच जण, मागेपुढे उड्या मारणारा काळ आणि जबाबदारी झटकण्याची किंमत. तरी त्याचा उल्लेख करते, कारण चौकोनी चेहऱ्यांनी इतकी नाजूक आणि इतकी निर्दय गोष्ट सांगता येते हे आधी कुणी मला सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. शिवाय हे गेम काही तासांत संपतात. आपलं म्हणणं झालं की थांबतात. आठवडेच्या आठवडे गुंतवून ठेवण्यासाठी नकाशे फुगवणाऱ्या गेमच्या काळात हा गुण लहान नाही.

या घराण्यात सगळंच चांगलं आहे असा माझा दावा नाही. टाकाऊ माल पुष्कळ आहे. पडद्यावर जुन्या व्हिडिओ कॅसेटचे ओरखडे टाकायचे, एक रिकामा बोळ, त्यात तुम्हाला पाच मिनिटं चालवायचं आणि शेवटी कानठळ्या बसवत एक चेहरा अंगावर फेकायचा, असे गेम पोत्याने निघतात. ओरखडे इतके दाट की डोळे दुखतात, आणि ते काढून टाकले तर खाली काहीच उरत नाही. मी अंधाराची बाजू घेते म्हणून या आळसाचीही बाजू घेईन असं कुणी समजू नये. काही चांगल्या गेममध्येही जुन्या पद्धतीचं पात्र वळवणं, म्हणजे आधी जागेवर फिरायचं आणि मग चालायचं, नवख्यांना छळतं. झगमगणाऱ्या प्रकाशाचा त्रास होणाऱ्यांसाठी तो बंद करायची सोय प्रत्येक गेममध्ये असायलाच हवी, आणि अजून ती प्रत्येकात नाही. नाटकात आम्ही स्ट्रोब वापरणार असलो की दाराशी पाटी लावतो.

याबाबतीत 'क्रो कंट्री'चं कौतुक करावंसं वाटतं. २०२४ चा, ब्रिटनमधल्या व्हिएन बंधूंच्या एसएफबी गेम्सचा. बंद पडलेलं एक करमणूक उद्यान, साल १९९०, मारा फॉरेस्ट नावाची तरुणी आणि खेळण्यातल्यासारखी गोल हातापायांची पात्रं. चित्र जुनं, पण कॅमेरा हवा तसा फिरवता येतो, आणि ज्यांना लढाई झेपत नाही त्यांच्यासाठी शत्रूंचा त्रास काढून टाकलेला वेगळा पर्याय आहे. तोही खेळून पाहिला. हल्ला करणारं कुणी नाही हे माहीत असूनही त्या उद्यानाचे कोपरे धास्तीनेच ओलांडले. जुनं उचलताना काय ठेवायचं आणि काय सोडायचं याचा विचार या दोघा भावांनी केला आहे.

माझी विनंती एवढीच आहे. आपल्या पुरवणीत गेमची परीक्षणं येतात ती जवळजवळ नेहमी मोठ्या कंपन्यांच्या गेमची, आणि शेवटी 'ग्राफिक्स' या शीर्षकाखाली तारे दिलेले असतात. हे तारे चित्र किती खरं दिसतं यावर ठरत असतील तर वर सांगितलेल्या सगळ्या गेमच्या वाट्याला दीड-दोन तारे येतील आणि वाचक ते न वाचताच पान उलटेल. हा रकाना काढावा, किंवा त्यात चित्र गोष्टीच्या किती उपयोगी पडलं ते लिहावं. कंपनीबरोबर करणाऱ्यांची नावंही छापावीत. नाटकाच्या परीक्षणात आपण नेपथ्यकाराचं आणि प्रकाशयोजनाकाराचं नाव छापताच. गेम कोणत्या वयासाठी आहे हे ठळक द्यावं, कारण चौकोनी बाहुल्या पाहून हे लहान मुलांचं असेल असं पालकांना वाटू शकतं आणि यातला एकही गेम लहान मुलांसाठी नाही.

सुरुवात 'क्रो कंट्री'पासून करावी असं मी सुचवेन, तो नवख्या वाचकालाही झेपेल. 'सिग्नॅलिस' द्याल तेव्हा मात्र परीक्षकाला पुरेसा वेळ द्या. त्याचे शेवट एकाहून अधिक आहेत, आणि एका बैठकीत उरकून त्याच्याबद्दल लिहिता येणार नाही.

आपली,
एक नियमित वाचक व प्रकाशयोजनाकार